वरण कळकलं नव्हतं

१६ नोव्हेंबर २००८, रविवार. दोन चहा, सहा रुपये. हजर : मनोहरराव आणि मी. मनोहरराव कुठल्याही हॉटेलाबद्दल लिहायला बसले की पहिली ओळ अशी लिहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना मीही तशीच लिहिली. नाक्यावरच्या टपरीवरचा तो आमचा शेवटचा चहा. पैसे त्यांनी दिले. कप परत करताना त्यांनी टपरीवाल्याला सांगितलं की आज आलं जास्त पडलं आहे. तो म्हणाला, "साहेब, सारी दुनिया आलं मांगते, तुमीच एकटे नको म्हनता." मनोहरराव म्हणाले, "मंग दुनियेसाठी टाक. मी माह्यं सांगितलं." बुधवारी सकाळी साडेसहाला त्यांच्या घरून फोन आला. सुमनवहिनी होत्या. "सुधाकरभाऊ, हे उठून नाई राह्यले," एवढंच म्हणाल्या... मी चार घरं ओलांडून गेलो. ते झोपेतच गेले होते. वय सहासष्ट. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला.

आमची ओळख मात्र शेजारामुळे झाली नव्हती. बोरगाव मेघेला माझं किराणा दुकान आहे, आणि ते वजनमापे निरीक्षक होते. १९९३ मध्ये ते दुकानात आले, आपली पितळी वजनांची पेटी काउंटरवर ठेवली आणि माझी वजनं एकेक करून ताजव्यात घालू लागले. अर्ध्या किलोचं वजन चार ग्रॅमनं हलकं निघालं. लोखंडी वजनाच्या बुडाशी भोक असतं, त्यात शिसं भरून वर सरकारी शिक्का मारतात. माझ्या वजनातलं शिसं कधीतरी गळून पडलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी शपथा घ्यायला लागलो. ते पावती लिहीत म्हणाले, "तू चोर नाईस, हे मले दिसते. पन गिऱ्हाईकाच्या पिशवीत साखर कमीच जाऊन राह्यली ना?" दंड झाला, मी भरला. मग मी जरा रागातच विचारलं, की तुमच्या पेटीतली वजनं बरोबर आहेत हे कोण बघतं? मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांना प्रश्न आवडला. दर वर्षी ती पेटी नागपूरला जाते, तिथे वरच्या वजनांशी ताडून पाहतात, आणि ती वरची वजनंही पुढे कुठेतरी तपासायला जातात, हे त्यांनी उभ्या उभ्या दहा मिनिटं समजावून सांगितलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती. ती पण ऐकत उभी राहिली.

२००० साली ते निवृत्त झाले आणि आमच्याच गल्लीत घर बांधून राहायला आले. मुलगा पुण्याला. त्यानं एका दिवाळीत वडिलांना इंटरनेटवरची एक साइट दाखवली. तिथे कोणीही कुठल्याही हॉटेलाबद्दल, लॉजबद्दल, दुकानाबद्दल आपलं मत लिहावं आणि एक ते पाच तारे द्यावेत अशी सोय होती. मनोहररावांनी तेव्हा ते पाहून सोडून दिलं. पुढे २००५ मध्ये वहिनींचं ऑपरेशन झालं आणि सावंगीला दवाखान्यात त्या एकोणीस दिवस होत्या. तेवढे दिवस मनोहरराव बाहेर जेवले, दोन लॉजमध्ये राहिले आणि पेशंटसोबत आलेल्या खेड्यातल्या माणसांचे हाल त्यांनी पाहिले. समुद्रपूरकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. त्याला एका लॉजवाल्यानं पंखा नसलेल्या खोलीचे पंख्याच्या खोलीइतके पैसे लावले होते. वहिनी घरी आल्या त्याच आठवड्यात मनोहरराव चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन बसले. मी म्हटलं, "साहेब, तो समुद्रपूरचा माणूस इंटरनेट कुठं पाहते?" ते म्हणाले, "तो नाई पाहत. पन त्याच्या गावचा एखादा पोट्टा इथं शिकाले असते. तो पाहते." कॅफेवाले गिरीशभाऊ धंद्याला हुशार. ते मनोहररावांच्या लेखी अभिप्रायांचे कागद छापून भिंतीला चिकटवू लागले. कॉलेजची मुलं फोटोकॉपी काढायला यायची आणि उभ्यानं ते वाचायची. वर्षभरात त्या भिंतीला वजन आलं.

लिहिण्याचे त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी कधी कागदावर काढले नाहीत, त्यांच्या वागण्यावरून मला कळले. स्वतः जेवायचं, स्वतः बिल द्यायचं, मालकाला आधी ओळख सांगायची नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि एका जेवणावर वाईट लिहायचं नाही. पुन्हा दोनदा जायचं. एका लॉजबद्दल त्यांनी गादीला वास येतो असं लिहिलं, त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलं की थंडीत एका पेशंटच्या बापाला मालकानं घरातली रजई आणून दिली, पैसे घेतले नाहीत. रजईचं वाचून मालक गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन आला. गादीची ओळ काढता येईल का, अशी त्याची विनंती होती. मनोहररावांनी डबा परत दिला. "गादी बदला, मी येऊन पाहतो, मंग खाली लिहितो की बदलली." दोन महिन्यांनी गादी बदलली, आणि त्यांनी तसं लिहिलं. डबा परत गेला याचं त्या घरात वहिनींना सोडून कोणालाच दुःख झालं नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. ऑगस्ट २००७ मध्ये आम्ही दोघे सावंगीच्या वाटेवर एका खानावळीत जेवलो. खानावळीचं नाव मी देत नाही, एकदा नको तिथे ते छापलं गेलं आहे. दोन थाळ्या, प्रत्येकी पंचवीस रुपये. मनोहररावांनी वरणाचा पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. म्हणाले, "कळकलं आहे." पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यातली आंबट आमटी कळकते, तोंडात धातूची चव येते, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले कसं लागून राह्यलं?"

मला काहीही लागलं नव्हतं. वरण होतं, साधं, हिंग घातलेलं. पण तीस वर्षं लोकांची मापं तपासलेला माणूस समोर बसून सांगतो आहे, चार वाजता मला दुकान उघडायचं आहे आणि विषय वाढवण्यात अर्थ नाही... मी म्हणालो, "हो, थोडंसं जाणवते." एवढंच. भिडेखातर माणूस दिवसातून दहा वेळा असं काहीतरी म्हणतो. लग्नात जेवण छान होतं म्हणतो, कोणाच्या मुलाचा आवाज गोड आहे म्हणतो. मी जेवण संपवलं, वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. हेही मनोहररावांच्या लक्षात आलं नाही, इतका त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साइटवर एक तारा दिला आणि लिहिलं की भांड्यांना कल्हई नाही, वरण खाण्याजोगं नव्हतं, सोबतच्या गृहस्थांनाही तीच चव जाणवली. एका जेवणावर वाईट न लिहिण्याचा नियम त्यांनी त्या दिवशी मोडला तो माझ्यामुळे. दोन तोंडांनी एकच सांगितलं म्हणजे दोनदा तपासलं, असा त्यांनी हिशेब धरला. आणि भांडी त्यांनी पाहिलीच नव्हती. स्वयंपाकघर मागे होतं.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी एक माणूस सायकलच्या कॅरिअरला मोठं पातेलं बांधून आमच्या गल्लीत आला. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. तो माझ्या दुकानाशी थांबला आणि मनोहररावांचं घर विचारलं. हे देवरावजी, त्या खानावळीचे मालक. मी त्यांना घेऊन गेलो. ते ओसरीवर आले, गंज खाली ठेवला आणि त्यावर बोटानं टिचकी मारली.

"साहेब, हे काय आहे?"

"स्टील," मनोहरराव म्हणाले.

"यातच वरन शिजते. सात वर्षं झाली. पितळेचं एक भांडं नाई माह्या घरी, देवाची घंटी सोडून. तुमी कल्हई कोनत्या भांड्याची पाह्यली?"

देवरावजी आवाज न चढवता बोलत होते. त्यांच्याकडे महिन्यानं जेवणारी बत्तीस मुलं होती. कॅफेच्या भिंतीवरचा कागद वाचून एकवीस गेली. अकरा राहिली. दोन बायका पोळ्या लाटायला होत्या, त्यांतली एक कमी करावी लागली. "माहीच वहिनी आहे ती," ते म्हणाले, "घरात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली. तिले काय सांगू, इंटरनेटनं काढलं म्हनून?"

सुमनवहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी विचारलं हे कधीचं. तारीख ऐकून म्हणाल्या, "तवा तर तुमी जुलाबाच्या गोळ्या घेऊन राह्यले होते. घरचा चहाबी कडू लागे तुमाले. तीनदा फेकला मी, अन् दुधवाल्याले शिव्या खाव्या लागल्या." मनोहरराव उठले, पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन आले. पाच मिनिटं लागली. देवरावजींनी तोवर चहाला हात लावला नाही. परत येऊन मनोहरराव म्हणाले, "गोळीनंच तशी चव येते म्हने. माही जीभ पास नव्हती." मग त्यांच्या मनात दुसरी गोष्ट आली. त्यांनी माझ्याकडे हात केला. "पन यालेबी लागलं होतं. यानं तर गोळ्या घेतल्या नव्हत्या."

तिघेही माझ्याकडे पाहत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आता नीट आठवत नाही, साहेब."

त्यामुळे झालं असं की मनोहररावांनी दुसऱ्या दिवशी साइटवर दुरुस्ती केली ती अर्धीच. लिहिलेलं पुसायची सोय तिथे नव्हती, खाली जोडता येत होतं. त्यांनी जोडलं की माझी चव औषधानं बिघडली होती आणि भांडी स्टीलची आहेत, ती मी न पाहता लिहिलं, ही माझी चूक. पण सोबतच्या गृहस्थांबद्दलचं वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही, कारण ते खोटं असल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्यानं काय समजायचं? गिरीशभाऊंच्या कॅफेत एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा पलटला. पैसे पोचले असतील. दुसऱ्याचं तर तसंच आहे." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तो दुसरा मी.

पुढचे आठ दिवस मी मनोहररावांबरोबर चहाला गेलो नाही. नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, की वरण चांगलं होतं, मी दोनदा घेतलं होतं. ते पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून ठेवला.

"मंग हो काऊन म्हटलं?"

"तुम्ही म्हटलं म्हणून."

"मी विचारलं होतं तुले. मले माहीत असतं तर कायले विचारलं असतं?" ते म्हणाले, "इतके वर्षं माही पेटी नागपूरले जाये. रिटायर झाल्यावर मले वाटलं, आता पेटी नाई, तर सुधाकर आहे." मला याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आज तसं वाटत नाही. ते जे म्हणाले ते मोजूनमापून म्हणाले होते आणि तेवढंच माझ्या वाट्याला यायला हवं होतं.

ते मला कॅफेत घेऊन गेले. मी म्हटलं, तुम्हीच लिहा, मी सांगतो. त्यांनी खुर्ची मागे ओढली. "माह्या हातानं तुह्यं मत एकदा लिहून झालं. आता तुह्यं तू लिही." मला टायपिंग येत नव्हतं. चार ओळींना चाळीस मिनिटं लागली. मी स्वतःचं नाव आणि गाव घालून लिहिलं, की त्या दिवशी सोबत असलेला माणूस मी. वरणाची चव चांगली होती. मी भिडेखातर खोटं बोललो. तारे द्यायची जागा मी रिकामी सोडायला निघालो होतो, तर साइट पुढे जाऊ देईना. मी पाच दिले. मनोहररावांनी मागून विचारलं, "पाच ताऱ्याचं जेवन होतं?" मी चार केले. मग तीन.

देवरावजींना हे सांगायला आम्ही दोघे गेलो. मला वाटलं होतं, विषय मिटला. देवरावजी म्हणाले, "साहेब, एक तारा तुमीच देल्ला, आता पाच तुमीच द्या. हिशेब बरोबर होते."

मनोहरराव म्हणाले, "दहा दिवस रोज येऊन जेवतो. मंग जे असन ते लिहितो."

"म्हनजे खोटं लिहाले एक जेवन पुरलं, अन् खरं लिहाले दहा पाहिजे?"

मनोहरराव दहा दिवस जेवले. रोज बिल दिलं, रोज आत जाऊन गंज पाहिला. देवरावजी दहा दिवसांत त्यांच्याशी वाढण्यापुरतं बोलले. शेवटी मनोहररावांनी लिहिलं की वरण उत्तम, पोळ्या मऊ, स्वयंपाकघर स्वच्छ, भात दहापैकी चार दिवस कच्चट. तीन तारे. देवरावजींना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी भाताचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. "घरात आग लावून दिली अन् आता विझवून राह्यला तर म्हनते पडदे मळले होते," ते म्हणाले. मी हे मनोहररावांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर बोलला." पण वाक्य काढलं नाही.

मुलं परत आली ती हळूहळू. पुढच्या जूनपर्यंत सव्वीस झाली. बत्तीस झाली नाहीत. देवरावजींच्या वहिनी दिवाळीनंतर पुन्हा पोळ्या लाटायला लागल्या. मनोहररावांनी गिरीशभाऊंना सांगून भिंतीवरचे सगळे कागद काढायला लावले आणि त्यानंतर ते लिहीत राहिले ते फक्त साइटवर, महिन्याला एखादं. औषध चालू असलं तर पहिल्याच ओळीत तसं लिहीत. मला सोबत नेत, पण घास घेतल्यावर मला काही विचारत नसत. ते बिल देऊन बाहेर आल्यावर, रस्त्यावर, मी आपणहून सांगेन तेवढं ऐकत. अनेकदा आमचं जमत नसे. मला तिखट लागे, त्यांना अळणी. ते दोन्ही लिहीत.

त्यांना देवासारखं करून ठेवायची माझी इच्छा नाही. ते हट्टी होते. घरात त्यांचा त्रास होता. वहिनींनी तीस वर्षं स्वयंपाक केला आणि रोज त्याचा निकाल ऐकला. आणि त्या खानावळीच्या बाबतीत त्यांनी जी घाई केली तिचं नुकसान त्यांनी भरून काढलं नाही, कारण जे सहा जण परत आले नाहीत ते कुठे गेले हे कोणालाच माहीत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना एकदा म्हटलं, की साहेब, सहा मुलांचं काय एवढं. ते म्हणाले, "तुह्या वजनात चारच ग्रॅम कमी होते."

तेरवी १ डिसेंबरला, सोमवारी झाली. स्वयंपाक कोणाला सांगायचा यावर मुलानं दोन-तीन नावं काढली. सुमनवहिनी म्हणाल्या, "देवरावजीले सांगा." देवरावजी दोन बायका आणि चार गंज घेऊन पहाटे आले. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. चाळीस रुपये पान ठरलं होतं. चौऱ्याऐंशी पानं उठली, मी मोजली. पाहुणे गेल्यावर मी पैसे काढले तर देवरावजी हात मागे घेऊ लागले. "तेरवीचे कायले घेता, भाऊ. साहेबांचं होतं." मी म्हटलं, साहेब असते तर घ्यावेच लागले असते. त्यावर त्यांनी घेतले, मोजले, खिशात ठेवले आणि मग सवयीनं, जसं कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "जेवन कसं झालं?"

सुमनवहिनी दारातच उभ्या होत्या. घरात तेरावा दिवस, समोर पहाटेपासून राबलेला माणूस... मी म्हणालो, "वरण चांगलं होतं. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं."

"हो, कमीच होतं," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही जेवल्या का?"

त्या अजून जेवल्याच नव्हत्या. सकाळपासून वाढण्याकडेच लक्ष होतं त्यांचं. देवरावजी आत गेले, वाटीत वांग्याची भाजी आणि अर्धी पोळी घेऊन आले. वहिनींनी उभ्यानंच एक घास घेतला. चावला. थांबल्या. दुसरा घेतला.

"नाई," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे मीठ."

देवरावजींनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गंज बांधायला घेतले. मला मीठ कमी लागलं होतं, वहिनींना बरोबर. दोन्ही त्यांना सांगून झालं. चौऱ्याऐंशी पानांचे तीन हजार तीनशे साठ रुपये, रोख, देवरावजींना.